तिच्या हातचा लसूण

काकूच्या हाताला चव आहे असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. म्हणायची वेळच येत नाही, ती स्वतःच म्हणते. साबणाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये ती मुख्य स्वयंपाकीण आहे. जेवणाची घंटा व्हायच्या आधीच कामगार नाकं वर करून रांगेत येतात, आणि याचा तिला जेवढा अभिमान आहे तेवढा एखादीला पोरगा डॉक्टर झाल्याचाही नसेल. तिचं सगळं कसब एका पातेल्यात आहे. कांदा आणि हात सैल सोडून घातलेला लसूण मंद आचेवर लाल करायचा, त्यात पाणी ओतायचं आणि पार विरघळेपर्यंत उकळायचं. मग त्या रश्शात बटाटा पडो नाहीतर मासा, लोक बोटं चाटतात.

काका लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर आहेत. बोलणं कमी, कॉलर कडक. त्यांच्या वाट्याचं बोलायचं काम पोट करायचं. जेवण होऊन जरा वेळ गेला की पोट टम्म फुगायचं, आत गुडगुड सुरू व्हायची आणि काका पट्टा सैल करून खिडकीशी उभे राहायचे. मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा मला आधी वाटलं, काकांना बाहेरचं बघायची आवड आहे.

शेवटी सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आतडी निरोगी आहेत, फक्त चिडकी आहेत. त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं आणि त्या बाईंनी सांगितलं, ‘लो फॉडमॅप’ आहार.

त्याचा अर्थ काकूला समजावायचं काम शिकलेला म्हणून माझ्याकडे आलं. मी सांगितलं ते असं: काही पदार्थांतल्या साखरा काही लोकांच्या आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, तशाच पुढे जातात, तिथे आंबतात आणि पोटात वायू धरतो. म्हणून असे पदार्थ काही आठवडे बंद. आराम पडला की एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन बघायचा, जो सोसेल तो परत सुरू. बंद काय, तर गहू, दूध, सफरचंद, राजमा आणि सगळ्यांच्या वर कांदा नि लसूण.

काकूने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सरळ सांग ना, मी बंद.”

त्या दिवसापासून फॉडमॅप आमच्या घरात सवत म्हणूनच नांदायला लागली. “तुमच्या फॉडमॅपबाईंना गाजर चालतं का?” “आज अंड्याला परवानगी आहे की विचारून येता?” काका नुसती मान हलवायचे. काकू त्यांचा स्वयंपाक करत नव्हती असं नाही, पण रुसून करायची. भात, उकडलेला बटाटा, उकडलेलं गाजर, वर मीठ. आपल्याला कोणत्या मनाने उकडलंय हे बटाट्यालाही कळत असावं. काकांचं पोट शांत झालं आणि चेहरा उतरला. मी दुसऱ्या पातेल्यातलं खायचो, माणुसकी म्हणून काकांकडे पाठ करून.

अशात एका संध्याकाळी काकांचा डबा जड परत आला.

“भूक नव्हती?” काकूने विचारलं.

“होती.”

“मग?”

“खाल्लं की.”

“काय खाल्लं? डबा तर भरलेला आहे.”

काका कपडे बदलायला आत गेले. त्यांनी काढलेला शर्ट काकूने उचलला आणि नाकाशी धरला. हे नाक म्हणजे कँटीनच्या दारात उभं राहून आत कोणतं दूध नासलंय ते सांगणारं. शर्टाला वाफेचा वास होता, खळीचा होता आणि लसणाचा होता.

दुसऱ्या दिवशी काकूने तिचा कँटीनचा चांगला स्वच्छ असलेला कोट माझ्या हातात दिला. “लाँड्रीत टाकून ये. जेवणाच्या वेळेला जा.” मी कामाला असतो ते मोबाइल दुरुस्तीचं दुकान लाँड्रीच्या समोरच आहे, म्हणून हेरगिरी माझ्याकडे.

लाँड्रीत कपडे घेऊन त्यांना चिठ्ठ्या टाचणारी एक बाई आहे. तिला सगळे काउंटरवाली म्हणतात. तिचं पोटही काकांच्याच जातीचं, असं मागे एकदा काका म्हणाले होते. मी गेलो तेव्हा ती आणि काका मागच्या बाजूला, टांगलेल्या कोटांच्या दोन रांगांमध्ये, घडीच्या टेबलाशी जेवत होते. तिच्या डब्यातले सोनेरी परतलेले बटाटे अर्धे काकांच्या झाकणात. लसणाचा वास दारापर्यंत येत होता. आणि काका हसत होते. काकांचे मागचे दातही शाबूत आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर काकूने जेवणाचं आधी विचारलंच नाही.

“दिसायला कशी आहे?”

“चष्मा आहे.”

“चष्म्याच्या आत?”

“असेल तुझ्याच वयाची.”

“काय खात होते?”

“बटाटे. लसणाचा वास होता खरा.”

“हसत होते?”

मी विचार करायला लागलो.

“कळलं,” काकू म्हणाली. “माझा लसूण बाधतो आणि तिच्या हातचा पचतो. आहे की नाही गंमत? वर्षानुवर्षं मी वाढतेय, तर हे पोट माझ्यावर गुरगुरतं. ती काल आली, तिच्यापुढे कसं गुणी बाळ.”

“काकू, त्यात काहीतरी शास्त्र असेल…”

“शास्त्र गेलं चुलीत.”

सुट्टीच्या दिवशी चुलीवर शास्त्र नव्हतं, काकूचं मोठं पातेलं होतं. पूर्वीचा रस्सा, पूर्वीइतक्या लसणाचा. काका जेवायला आले, दारातच थबकले. वासावरून त्यांना सगळं कळलं होतं.

“अगं, यात…”

“काय यात?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. “काही नाही. वाढ.”

ते दोनदा मागून जेवले. काकू दुपारपर्यंत जिंकलेली होती. दुपारनंतर काकांचं पोट ढोलासारखं झालं आणि ते गादीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले. काकू गरम पाण्याच्या पिशवीने शेकत शेजारी बसली, पण तोंड चालूच. “लसूण तोच, बाजार तोच. मग हे तिचं ऐकतं नि माझं का नाही?”

सकाळीही ते उठू शकले नाहीत. काकूने ठेवणीतल्या चपला घातल्या. रजेचा निरोप फोनवर देता येतो हे मी सुचवलं, तर म्हणाली, “तू दे फोन. मी जाऊन येते.” मी मागोमाग निघालो. दोन बायकांचं भांडण सोडवायची माझी लायकी नाही, पण बघायला कोण नाही म्हणतं?

काउंटरवालीने कपड्यांचा गठ्ठा बाजूला केला. “या वहिनी. ते नाही आले?”

“पोट बिघडलंय. लसणाने. तुमच्याकडे पचतो ना, त्याच.”

बाईने चष्मा काढला. “लसूण? अहो, मी त्यांना लसूण कसा देईन? माझंच पोट त्याने उठून बसतं.”

“शर्टाला वास येतो.”

“वास येतो, लसूण नसतो. पाकळ्या नुसत्या तेलात मंद तळते आणि सगळ्या उपसून काढते. लसणातलं जे बाधतं ते पाण्यात विरघळतं, तेलात उतरत नाही. वास तेवढा तेलाला लागतो. लागेल तेवढंच ताजं करायचं, साठवायचं नाही. मला आहारवाल्या बाईंनी शिकवलं.”

विरघळण्याचा धडा आमच्या शाळेत मी पाठ म्हणून दाखवला होता आणि पूर्ण मार्क मिळवले होते. तो समजला मात्र इथे, कोटांच्या रांगेत. काकूला माझ्या आधी समजला. तिचं सगळं कसब म्हणजे लसूण पाण्यात विरघळवणं. काकांनी एकेक तुकडा वेचून ताटाबाहेर ठेवला असता, तरी रश्शात ते उतरलेलंच होतं.

“हे यांना माहीत होतं?” काकूने विचारलं.

“पहिल्याच दिवशी सांगितलं मी. म्हटलं, घरी वहिनींना सांगा. तर म्हणाले, तिला कुणी स्वयंपाक शिकवलेला चालत नाही.”

काकू तशीच वळून निघाली. घरी येईपर्यंत मला तिच्या बरोबरीने चालता आलं नाही.

“परक्या बाईच्या डब्यात हात घालायला भीती नाही वाटली,” ती काकांच्या उशाशी उभी राहून म्हणाली, “आणि बायकोला लसूण तेलात कसा तळायचा ते सांगायला वाटली?”

“तू चिडली असतीस.”

“चिडले असते. मग केलं असतं.” ती खाली बसली. “काल रस्सा वासावरून ओळखलात ना? मग खाल्लात कशाला?”

“इतके दिवस हा पठ्ठ्या माझ्याकडे पाठ करून तोच खातोय,” काका माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. मग हळूच, “आणि तू वाढलंस ना.”

काका बरे झाले आणि लसणाचं तेल काकूच्या हातचं निघालं. काउंटरवालीच्या तेलाच्या ते चार पावलं पुढे होतं, हे मीच सांगतोय, कारण मी दोन्ही खाल्लंय. काकूच्या डब्यातला हेवा गेला असं मात्र समजू नका. आता डबा मोठा झाला. “तिलाही घाला थोडं,” ती काकांना बजावायची, “कळू दे तिला.” संध्याकाळी चौकशी व्हायची. “काय म्हणाली?” “छान म्हणाली.” “नुसतं छान?” मग काका दुसऱ्या दिवशी जास्त मोठी स्तुती मागून आणायचे.

पुढच्या वेळी आहारतज्ज्ञ बाईंकडे काकू स्वतः गेली. बाई म्हणाल्या, पोट शांत आहे, आता एकेक पदार्थ परत खाऊन बघू. लसूणसुद्धा, अर्ध्या पाकळीपासून. काका भोळेपणाने म्हणाले, “ते मी लाँड्रीतच बघतो. काउंटरवाली शेजारी असते, तिला यातला अनुभव आहे.”

“घरी खायचं,” काकू म्हणाली. “सुट्टीच्या दिवशी. बिघडलं तर माझ्यासमोर बिघडू दे, तिच्यासमोर नको.”

आहारतज्ज्ञ बाईंनी हसू दाबून काकांकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली आणि काकूने पिशवी उचलली.