पारूबायचं नाक

निजामपुऱ्याच्या बाजारात मिरच्या निवडत होते, तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंच्या, पारूबायच्या, सुनेचा फोन आला. "काकी, आय उठत नाय..." एवढंच बोलली. रिक्षा करून वळ गावाला घरी पोचले. पारूबाय जेवून आडव्या झाल्या होत्या, त्या झोपेतच गेल्या. आता महिना उलटून गेला.

गावात पारूबायचं नाक प्रसिद्ध होतं. मसाला कुटून आणला की बायका मूठभर घेऊन त्यांच्याकडे यायच्या. नुसतं हुंगून त्या सांगायच्या, धणे जास्त भाजलेत. तेच नाक त्या दुसऱ्यांच्या संसारातही खुपसायच्या, आणि आमची सगळी भांडणं त्यावरूनच. मग एकदा गच्चीवर मिरच्या वाळत घालताना पारूबाय खाली पडल्या आणि कमरेखालचं सगळं बधिर झालं. लघवी झालेलीही कळत नसे. सून मुकाट्याने ओलं अंथरूण बदलायची, तेव्हा पारूबाय भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. माझ्याशी हमरीतुमरीवर येणारी ही बाई अशी शरमलेली मला बघवत नसे.

मुंबईच्या एका हॉस्पिटलात नवीन उपचाराचा प्रयोग चालू होता. नाकाच्या आतल्या पेशी काढून वाढवायच्या आणि पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूला इजा झालेल्या जागी सोडायच्या. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. चालाल असं वचन देत नाही म्हणाले, आणि वास येणं कमी होऊ शकतं. घरात सगळेच नको म्हणाले. मीही म्हटलं, "बाय, नाकच गेलं तर तुमच्याकडे राहिलं काय?"

"नाक तं माजं रोजच कापलं जातं, सुमे," त्या म्हणाल्या. "मना चालाचं नाय. लघवीला लागलीय येवरं नुसतं कलू दे."

ऑपरेशनला नेताना मला रडू येत होतं, म्हणून चेष्टा केली, "सगळ्यांच्या घरात खुपसून झालं, आता पाठीत खुपसा नाक!" त्या खळखळून हसल्या.

पुढे कितीतरी महिने नुसते व्यायाम. वास मंदावला, पाय हलले नाहीत. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते... आणि एके सकाळी आतून हाक आली, "सुमे, लागलीय! धाव!"

खरंच लागली होती. सून रडत होती, मी हसत होते, आणि पारूबाय आम्हा दोघींना ओरडत होत्या, आधी मना न्या म्हणून. डॉक्टर म्हणाले, पेशींमुळे की व्यायामामुळे, ठाम सांगता येणार नाही. "कोनामुलं का आसंना, कललं ना!" पारूबाय म्हणाल्या. पुढे त्यांची 'लागलीय! धाव!' ही आरोळी अख्ख्या आळीला पाठ झाली.

पारूबाय गेल्या त्या दुपारी माणसं जमली, तेव्हा सून हळूच म्हणाली, "जेवल्यावर हाक मारली, मी नेऊन आनलं. मंग झोपल्या." सगळे पारूबायचं तोंड बघत होते. मी आधी त्यांच्या अंगाखाली हात घातला. चादर कोरडी होती. "सुटल्या गं बाई!" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मग मी मोकळेपणाने रडले. जमलेल्या बायकांना वाटलं, मी आजारपणाबद्दल बोलतेय.