शुक्र बुडाला होता ते दिवस

बाईचं लग्न ठरलं तेव्हा शुक्र पहाटे उगवत होता. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे थोरलीला बाईच म्हणायचे. स्वातंत्र्य मिळून नऊ-दहा वर्षं झाली असतील. आमचं गाव नागऱ्याच्या जवळ, गावाला लागून मोठा तलाव. धानाची मळणी चालू होती आणि घरातली सगळी माणसं अंधारातच खळ्यावर जायची.

पाहायला आलेला मुलगा चिचगडकडच्या जंगलातल्या गावचा होता. पल्ला लांबचा, म्हणून तो आणि त्याचा मामा मुक्कामाला राहिले. पहाटे त्यांची गाडी जुंपली जात होती तेव्हा मी कंदील धरून अंगणात उभी होते आणि बाई दाराआड. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, शुक्र लखलखत होता. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "आमच्या गावाले हा डोंगरावरून निंगते. तुमच्या इथं पाण्यातून निंगल्यावानी दिसते."

बोलला माझ्याशी, पण आवाज दारापर्यंत जाईल एवढा होता. त्या दोघांत याहून जास्त बोलणं कधी झालं नाही.

त्यानंतर बाई रोज सगळ्यांच्या आधी उठू लागली. तिला आकाशातलं बरंच कळायचं, बाबांनी शिकवलं होतं. खळ्यावरून संध्याकाळी परतताना ती मला कृत्तिकांचा पुंजका दाखवायची, त्याच्या मागून वर येणारं मृग दाखवायची. पण पहाटेचा शुक्र ती कुणाला दाखवत नसे. एकटीच पाळीकडे तोंड करून उभी राहायची. मायने हाक मारली की आत यायची आणि चूल पेटवायची.

माघात लग्न व्हायचं होतं. पण मुलाचे आजोबा वारले आणि त्यांच्याकडून निरोप आला की इतक्यात कार्य नको. तोवर शुक्र रोज थोडा थोडा खाली सरकत चालला होता. आधी झाडांच्या शेंड्यावर असायचा, मग फांद्यांत अडकल्यासारखा दिसू लागला, मग उजाडताना जेमतेम. फाल्गुनात तो दिसेनासा झाला. बाबा भटजींकडे गेले तर त्यांनी पंचांग उघडून सांगितलं, "अस्त लागला. आता शुक्र पश्चिमेला उगवेपर्यंत लग्न होत नाही."

"काऊन जी, इतके दिवस?" माय बाबांना म्हणाली. "पोरगी घरात बसून राहिली."

"सुर्व्याच्या मांगं गेला तो," बाबा म्हणाले. "त्याले काय ओढून काढू?"

चैत्र लागला. पहाटे आम्ही मोहफुलं वेचायला जात असू आणि दिवेलागणीला घागरी घेऊन तलावावर. घागरी भरून झाल्या की बाई पाळीवर चढून पश्चिमेला बघत उभी राहायची. तिथे तेव्हा काहीच नव्हतं. मृग मावळायला टेकलेलं असायचं, आणि पुढे पुढे तेही उजेडात विरून गेलं. मी एकदा डोक्यावरचा मोठा तेजस्वी तारा दाखवून विचारलं, "बाई, तोच ना?"

"तो गुरू हाय. आपल्याले खालचा पाह्यजे."

उन्हाने तलाव आटत चालला होता. घागर बुडवायला चिखलातून आत जावं लागे. तरी परतताना बाईची पाळीवरची फेरी चुकली नाही.

वैशाख सरत आला होता. एका संध्याकाळी तिने माझा दंड घट्ट धरला. क्षितिजावर धुळीचा तांबूस पट्टा होता आणि त्यात एक बारीक ठिपका थरथरत होता. डोळे चोळून पाहिलं तरी मला तो आधी दिसलाच नाही, मग दिसला. घरी येऊन बाईने घागर उतरवली आणि मायला फक्त म्हणाली, "दिसला."

दुसऱ्याच दिवशी बाबांनी तारीख काढून आणली. पाऊस लागायच्या आत लग्न. हळद कांडली, मांडवासाठी बांबू आणून टाकले. त्याच आठवड्यात मुलाचा मामा सायकलवर आला. अंगणात सायकल लावून तो खाली बसला आणि सांगू लागला. तेंदूपत्त्याच्या कामावर जंगलात असताना मुलाला ताप भरला होता. ताप डोक्यात गेला आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. मामा पाणी प्यायला आणि निघून गेला.

खरं वाईट पुढे झालं. ज्या बायका भेटायला आल्या त्या रडायच्या ऐवजी मायला धीर देऊ लागल्या. "पोरीचं नशीब मोठं. माघ-फाल्गुनात लगीन लागलं असतं तर आज कपाळ पांढरं झालं असतं." हळूहळू मायलाही ते पटलं. देवानेच शुक्र लपवून ठेवला, पोर वाचली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. सोमवारी आम्ही सगळे नागऱ्याच्या महादेवाला गेलो. मायने नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा बाईपुढे धरला.

बाईने हात पुढे केला नाही. "माय, तो मेला," ती म्हणाली, "अन् तुमी नारळ फोडून राहिले."

मायने तो तुकडा पदरात बांधला. बाबा गाभाऱ्याकडे पाहत राहिले.

बाईला सुतक नव्हतं. तिने रडावं असं नातंच नव्हतं. तिने धानाची रोवणी केली, निंदण केलं, माणसांना शिदोरी नेली. पाऊस ओसरला तेव्हा शुक्र संध्याकाळी इतका ठळक दिसू लागला की गावातली लहान मुलंही बोट दाखवायची. पाणी आणायला आता मी एकटी जात होते. बाई त्या वेळी गोठ्यात असायची, काम नसलं तरी.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न गोंदियातल्या एका दुकानदाराशी झालं. तिथे हिंदी बोलत, गल्ली अरुंद होती, घरात माणसं भरपूर. नवरा सरळ माणूस होता. तिला मुलं झाली, संसार वाईट झाला असं म्हणता येणार नाही.

पुष्कळ वर्षांनी मी तिच्याकडे राहायला गेले होते. आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. घरात कुणी नव्हतं, म्हणून मी हळूच विचारलं, "बाई, तुले त्याची आठवण येते का?"

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "आवाज आठवते. तोंड आठवत नाही. अंधारच होता तवा." आणि सूप घेऊन उठली, कारण बाहेर भाजीवाला हाक मारत होता.