नागोबा की बेडकाचा भाऊबंद

नागपंचमी, १९७४. झोका बांधायचा म्हणून जांभळाखालचा ओला पाला हातानेच उपसत होते. पंचमीला जमिनीला खोरं लावायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. पाटणकडचा पाऊस, पाला पार कुजलेला. तळाशी वीतभर लांबीचं, जांभळट काळं, अंगभर वळ्या असलेलं काहीतरी वळवळलं.

झोक्यासाठी जमलेल्या बायकांनी हात जोडले. "नागोबा आला गं!"

मी ओळखलं. देवगांडूळ. मी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि दुसऱ्या दिवशी नेमका उभयचरांच्या वर्गीकरणाचा धडा होता. बिनशेपटीचे बेडूक मुलांना रोजचेच, शेपटीवाले सॅलॅमँडर चित्रात तरी होते. देवगांडुळाच्या बिनपायांच्या गणाचं मात्र पुस्तकात नुसतं नाव. मी ते पाल्यासकट बादलीत घेतलं.

"पंचमीला नागाला कोंडतीस व्हय?" सासूबाई कडाडल्या. "सोड त्येला. आदी दूध आण."

"दुधानं मरंल ते, आत्याबाई. साप न्हाई हा, बेडकाच्या जातीचा हाय."

"चार बुकं शिकली आन् नागाला बेडूक म्हणाया लागली!"

बायका खो खो हसल्या.

"हात लावून बघा. सापाचं अंग कोरडं, ह्याचं ओलं."

कोणी पुढे येईना. शेवटी सासूबाईंनीच पदर खोचून बोट टेकवलं. "आगं बया! बेडकागत बुळबुळीत हाय की! मग पाय कुठं गेलं?"

"मातीत राहून राहून गेले. पण घराणं एकच."

"म्हंजी भाऊबंद! म्हणूनच एक पाण्यात, एक मातीत. तोंड बघत न्हाईत एकमेकांचं."

यावर तर मीही पोट धरून हसले.

"घिऊन जा," त्यांनी निकाल दिला. "पर बाटलीत बुडवायचं न्हाई. जित्तं परत आणायचं." शाळेच्या कपाटातले स्पिरिटमधले बेडूक त्यांनी पाहिले होते.

मी कबूल झाले आणि पहिला झोका घेतला, चांगला उंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीला ओलं फडकं बांधून, ती मांडीवर घेऊन एसटीने शाळेत गेले. सगळ्या वर्गाने ओल्या हाताने शिवून पाहिलं. फळ्यावर त्याचा वर्ग लिहिला, गण लिहिला. जातीचं लॅटिन नाव मला येत नव्हतं, ती जागा मोकळी सोडली. मग पाल्यावर पुन्हा पाणी शिंपडलं. दुपारच्या गाडीने परत न्यायचं होतं.