मीठ बघणारे आप्पा

आमच्या आप्पांचा डावा तळहात उजव्यापेक्षा लालसर आणि गुळगुळीत होता. रश्श्याने तो तसा झाला होता. गावात लग्न असो, जागरण असो की जत्रेचं मटण असो, चुलवणावरचं पातेलं उकळायला लागलं की आचारी पळीभर रस्सा आणून आप्पांच्या डाव्या तळहातावर ओतायचा. तो चांगला चटका देणारा असायचा. आप्पा हात मागे घेत नसत. शांतपणे चाटायचे, डोळे मिटायचे, आणि भोवतालची माणसं बोलणं थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

मग ते दोनपैकी एक वाक्य बोलायचे. मीठ कमी असेल तर "येऊ दे अजून." बरोबर असेल तर एकच शब्द, "बसलं." तो शब्द आला की वाढपी बादल्या उचलायचे. मीठ जास्त झालं असेल तर मात्र ते काहीच बोलत नसत, आचाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेत. थोड्या वेळाने पातेल्यात कणकेचे गोळे पडलेले दिसत. चारचौघांत त्यांनी कुठल्या आचाऱ्याची लाज काढल्याचं मला आठवत नाही.

आप्पा माझे चुलते. दौंड तालुक्यात भीमेच्या काठी आमचं गाव आहे. माझे वडील मी लहान असतानाच गेले आणि आप्पांनी मला सांभाळलं. त्यांना एकच मुलगी, ती लग्न होऊन लांब गेली. म्हणून पुढे दवाखान्याची धावपळ, डॉक्टरांशी बोलणं, सगळं माझ्याकडे आलं. मी शिरूरला राहतो, रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरी करतो. चार माणसांत बोलता येणारा म्हणून घरात माझ्या शब्दाला वजन आहे. ते वजन मी कुठे टाकलं, हे लिहायचं मी इतके दिवस टाळत होतो.

पंगतीला आप्पा कधी पहिले बसले नाहीत. सगळं गाव उठलं की मग ते आचाऱ्यांबरोबर बसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पयल्याला समदंच ग्वाड लागतं. शेवटच्याला कसं लागलं, ते बघाया नको?" एका लग्नात मुलाकडच्या एका पाहुण्याने रस्सा अळणी आहे म्हणून ताट पुढे सरकवलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. आप्पा गेले, पाहुण्यासमोर उकिडवे बसले, त्याच्याच ताटातला रस्सा हातावर घेऊन चाखला आणि म्हणाले, "पाव्हणं, रस्सा बसलाय. तुमच्या गालात पान हाय, ते उठवा." मांडवभर हशा झाला. पाहुणा चूळ भरून आला आणि त्याने दोन वेळा रस्सा मागून घेतला.

फक्त नैवेद्याच्या बाबतीत त्यांचं मन स्वस्थ नसे. देवाच्या आधी चाखता येत नाही, त्यामुळे मीठ अंदाजाने पडायचं. ते बायकांच्या मागे उभे राहून चुळबुळ करायचे. काकू चिडवायची की तुमच्यावाचून देव उपाशी राहणार आहे का. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "देवाचं बरं हाय. त्यो बोलत न्हाई, म्हून त्येला कायबी चालतं."

आप्पांना तंबाखूची सवय होती. मीठ बघायला जाताना मात्र ते आधी दोन-तीन वेळा खळखळून चूळ भरत. जिभेच्या कडेला फोड आला, तेव्हा त्यांनी तो चुन्याने आला असं सांगून बरेच दिवस काढले. मग तिखट सोसेना. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. मी त्यांना पुण्याला नेलं तोवर गाठ जिभेच्या मुळापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशन केलं तर काही वर्षं मिळण्याची आशा आहे, पण जीभ सगळी काढावी लागेल. बोलणं जाईल, चव जाईल, कदाचित नळीनेच खावं लागेल. नाही केलं, तर काही महिने.

परत येताना गाडीत आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. चौफुल्याच्या अलीकडे म्हणाले, "जीभ काढली तर मागं ऱ्हायलं काय रं, संजा?" काकू मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, "मी ऱ्हायले की." डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं आणि ते आप्पांनी स्वतः द्यायला हवं होतं. त्यांच्या जिभेचा निर्णय दुसऱ्या कुणी घ्यावा, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं. निदान तोवर तरी.

त्या सुमारास शिरूरला नगर रस्त्यावर एक नवं हॉटेल निघालं होतं. इटालियन, आणि तेही समुद्राच्या माशांचं. मालक इथलाच. बरीच वर्षं मोठ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकी होता, तिथे इटालियन आचाऱ्यांच्या हाताखाली शिकला आणि परत येऊन त्याने हे काढलं. पाटीवरचं नाव कुणाला धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून सगळे बोटवाल्याचं हॉटेल म्हणायचे. मासे पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात बर्फात येत. घोडनदीच्या काठावर समुद्र आणला म्हणून लोक त्याची टिंगल करायचे आणि एकदा तरी जाऊन यायचे.

आप्पांना माशांची आवड होती, पण त्यांचे मासे नदीचे. मरळ, चिलापी, फार तर वाम. समुद्राचा मासा त्यांनी कधी खाल्ला नव्हता. मी काकूला म्हणालो की तिथलं जेवण मऊ असतं, तिखट नसतं, आप्पांना सोसेल. काकू माळकरी, ती माझ्या बायकोबरोबर आमच्या शिरूरच्या घरीच थांबली. मी आप्पांना जेवायला नेलं, असं मी आजवर सांगत आलो. खरं म्हणजे मी त्यांना ऑपरेशनसाठी वळवायला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करायचा होता.

हॉटेल जवळजवळ रिकामं होतं. निळ्या भिंती, भिंतीवर दोरीचं जाळं आणि शिंपले चिकटवलेले. एका टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापून झाला होता आणि ती मंडळी मटण थाळी मिळेल का म्हणून विचारत होती. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. देवळाखेरीज दुसरीकडे कुठे त्यांना टोपी काढून बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

बोटवाला स्वतःच टेबलापाशी आला. आप्पांनी त्याला आधी त्याचं गाव विचारलं, मग आडनाव, मग मामाचं गाव. ओळख पटल्यावर बरीच वर्षं मनात असल्यासारखं विचारलं, "समुद्रात एवढं मीठ. मंग त्यातल्या माशाला परत मीठ लावाया लागतंय व्हय?"

"लागतंय की, मामा," तो म्हणाला. "मासा नुसता पोहतो त्यात, मुरत न्हाई."

आप्पा हसले. तोंड दुखत असल्यामुळे अलीकडे ते हसत नसत, त्यामुळे मला ते हसू लक्षात राहिलं. त्यांनी बोटीबद्दल खूप विचारलं. बोटीवर किती माणसं जेवतात, मीठ कोण बघतं. बोटवाला म्हणाला की मोठा आचारी बघतो, चमच्याने. "चमच्यानं काय कळतंय," आप्पा म्हणाले, "चमच्याला सोताची चव असती."

ताट आलं. कोळंबी, शिंपल्यातलं मांस आणि लांब पास्ता. आप्पांनी वाकून बघितलं आणि शेवया खारट करतात हे नवीनच, असं म्हणाले. मग त्यांनी काटा बाजूला ठेवला, पास्त्यावरचा थोडा रस डाव्या तळहातावर घेतला, चाटला आणि डोळे मिटले. वाढदिवसाच्या टेबलावरची माणसंही बघायला लागली.

"येऊ दे अजून," ते म्हणाले.

बोटवाला मीठ आणायला वळला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. चेहरा उजळला होता. "कळतंय रं मला, संजा. एका कडंनं कळतंय अजून. आन् तुमी म्हंताय काढून टाका."

मी काट्याने थोडा पास्ता उचलून खाल्ला. मीठ कमी होतं. आप्पांचं बरोबर होतं.

मी घास गिळला आणि म्हणालो, "आप्पा, हे खारट झालंय."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. त्यांनी परत हातावर रस घेतला, परत चाखला. मी म्हणालो, "खारट आहे, आप्पा. तुम्हाला कळत नाहीये आता." माझा आवाज प्रेमळ होता. मला तो अजून ऐकू येतो.

बोटवाला मिठाची वाटी घेऊन टेबलाशी उभा होता. आप्पांनी मान वर करून त्याला विचारलं, "काय रं? तू सांग." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. त्या बिचाऱ्याला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं, पण समोर आजारी म्हातारा आहे आणि बरोबरचा माणूस काहीतरी विनवतोय, एवढं त्याला दिसलं. तो म्हणाला, "व्हय मामा. माझ्याच हातनं जास्त पडलं आज." आणि वाटी घेऊन आत निघून गेला.

आप्पा बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. मग तो त्यांनी धोतराला पुसला.

"मंग बसलं," ते म्हणाले.

आमच्याकडे विहीर ढासळली तरी बसली म्हणतात, आवाज गेला तरी बसला म्हणतात आणि एखादी गोष्ट ठरली तरीही तेच. मी त्या शब्दाचा मला हवा तो अर्थ घेतला. त्यांनी ते ताट पूर्ण संपवलं, कडुनिंबाचा पाला खावा तसं. घरी आल्यावर मी काकूला सांगितलं की आप्पा हो म्हणाले. त्यांनी मला खोडून काढलं नाही. सकाळी मी डॉक्टरांना फोन केला.

ऑपरेशन चांगलं झालं. ते दोन वर्षांच्या आसपास जगले, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबात मी बरोबर ठरलो. नातेवाईक मला म्हणायचे, तू होतास म्हणून आप्पा दिसतायत. पोटाला नळी लावली होती, काकू त्यातून दूध, पातळ पेज, पाणी घालायची. पुढच्या जत्रेला गावातली माणसं मानाने त्यांना न्यायला आली. ते ओसरीवरून उठले नाहीत. हाताने, तुम्ही व्हा पुढे, अशी खूण केली. त्यानंतर कुणी आलं नाही. मी दर रविवारी जायचो, औषधं द्यायचो, उशा सारख्या करायचो, फार बोलायचो. मी गप्प बसलो तर ते काही विचारतील, अशी मला भीती वाटायची.

जीभ नसली की व्यंजनं जवळजवळ सगळी जातात, फक्त स्वर उरतात. काकूला त्यातलं बरंचसं सवयीने कळायचं. मला कळत नाही, अशी मी सोय करून ठेवली होती.

शेवटच्या महिन्यातल्या एका दुपारी मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो. काकू आत होती. आप्पांनी माझ्या शर्टाची बाही धरली, मला जवळ ओढलं आणि एक आवाज काढला. छोटा, दोन तुकड्यांचा. शेवटाला चढ होता, म्हणजे प्रश्न होता. मी काय, काय म्हणून विचारत राहिलो. त्यांनी तोच आवाज पुन्हा काढला, सावकाश, मला समजावं म्हणून. 'खारट' या शब्दातून ख, र आणि ट काढून घेतल्यावर जे उरतं, ते ते म्हणत होते.

मला पहिल्याच वेळी कळलं होतं.

आतून काकूने विचारलं, "काय म्हंत्यात रं?"

"पाणी मागतायत," मी म्हणालो.

ती पेला घेऊन आली, त्यांच्या कुशीला बसली, नळीचं टोपण काढलं आणि हळूहळू पाणी सोडायला लागली. आप्पांनी नको म्हणून हात हलवला नाही. पेला संपेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते.