शेड न जुळलेलं पाखरू

धर्मपाल सरवदे चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात रंगखात्यात आहेत. रंगवलेला कपडा शेडकार्डाला लावायचा. जुळला तर ‘पास’, नाहीतर ‘शेड फेल’, आणि खाली सही. बावीस वर्षांत त्यांनी कुणाची गय केलेली नाही. मालकाची नाही, आणि बायकोच्या लग्नातल्या शालूचीही नाही. चांगुणाबाई ते अजून विसरलेल्या नाहीत.

दसरा झाला की हे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी दुर्बीण गळ्यात अडकवून करमाळ्याची एसटी पकडतात. तिकडं उजनीच्या पाण्यात एक बेट आहे; चार बाभळी आणि बाकी चिखल. लांबच्या मुलखातून आलेली पाखरं तिथं उतरतात, आणि नावाडी गौस आपल्या होडीतून धर्मपालांना उतरवतो. पक्षीमित्र मंडळाच्या यादीत आपल्या नावावर एखादं दुर्मीळ पाखरू लागावं, एवढीच त्यांची इच्छा. नऊ वर्षांत एकही लागलं नव्हतं.

यंदा मंडळातल्या तेजश्री मॅडम कॅमेरा घेऊन सोबत आल्या. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. होडीत त्यांनी धर्मपालांची वही चाळायला घेतली आणि चाळता चाळता थबकल्या. गेली सलग तीन वर्षं, दर ऑक्टोबरात, एकच नोंद आणि खाली सही: ‘छोटं पाखरू. पाण्यात गरगर फिरतं. पुस्तकात लाल मानेचा फॅलारोप. मान पांढरी. शेड फेल.’

“काका,” मॅडम जपून म्हणाल्या, “मान लाल होते ती फक्त विणीच्या हंगामात. आपल्याकडं येतो तेव्हा पांढरीच असते. पुढच्या पानावर दिलंय की.”

धर्मपालांनी पुढचं पान कधी उलटलंच नव्हतं. शेडकार्डाला पुढचं पान नसतं.

“कच्चा रंग असंल भाऊ, पाण्यात उतरला,” वल्हं मारता मारता गौस म्हणाला. रंगखात्यातल्या माणसाला याहून वाईट काही म्हणता येत नाही.

बेटाच्या कडेला ते पाखरू फिरतच होतं. पांढऱ्या मानेसकट. मॅडमनी फोटो काढला. मग त्यांनी सांगितलं, की गेल्या वर्षी वैरागच्या एका डॉक्टरांनी मंडळाच्या यादीत याची पहिली नोंद लावलीय. पण ही वही मंडळापुढं ठेवली, तर पहिलं नाव काकांचं होईल.

धर्मपालांनी वही परत घेऊन त्या तिन्ही नोंदी पुन्हा काढल्या.

“त्या तिन्हीवर माझी सही हाय, मॅडम. नापास म्हणून.”

“पण पाखरू तेच होतं ना?”

“सही केली तवा मला न्हवतं वाटलं.”

यादीत त्यांचं नाव दुसरं लागलं. पुढच्या बैठकीत धर्मपालांनी उभं राहून डॉक्टरांचं रीतसर अभिनंदन केलं, आणि पुस्तकातल्या चित्रात लाल रंग एक छटा भडक छापलाय, अशी लेखी तक्रारही दिली.