सोनाबायचा दुसरा गुडघा

मेडिक्लेमचे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. टाइम ऑफिसातल्या माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये पूर्वी रजेचे अर्ज असायचे. आता तो ड्रॉवर फक्त विमा कंपनीच्या 'क्वेरी'साठी ठेवलाय आणि तो नीट बंदही होत नाही.

आमची कंपनी रोह्याला, धाटावच्या एमआयडीसीत. रंगांना लागणारी केमिकल्स बनवते. मी राहते पेणला. सकाळी कंपनीची बस पेणहून निघते आणि वडखळ, नागोठणे करत, भिसे खिंड चढून रोह्याला पोचते. कामगारांच्या विम्याचं काम माझ्याकडे आलं, कारण विमा कंपनीची पत्रं शेवटपर्यंत वाचून चिडणारी ऑफिसात मी एकटीच होते. बाकीचे पहिल्या ओळीलाच सोडून द्यायचे. फायली मात्र कोणी ऑफिसात आणून देत नाही, बसमध्येच माझ्या मांडीवर ठेवतात. त्यामुळे कोणाला मूळव्याध आहे आणि कोणाची शुगर किती, हे सगळ्या बसला पाठ आहे. गुप्तता वगैरे पॉलिसीच्या छापील पुस्तकात.

हे सगळे किस्से एकाच वर्षातले. त्या वर्षी माझ्या शेजारच्या सीटवर हरी म्हात्रे बसायचा. प्लँटमधला ऑपरेटर, पेणच्या खाडीकडच्या गावचा. त्याची आई सोनाबाय. तिचा जन्म मिठागरात गेला आणि दोन्ही गुडघेही तिथेच गेले. कंपनीच्या पॉलिसीत आईवडील होते, म्हणून हरीने ठरवलं, की या वर्षी आईचे दोन्ही गुडघे बदलून घ्यायचे. इतकी साधी गोष्ट.

* * *

फॉर्म भरला आणि पंधरा दिवसांत पहिलं पत्र आलं. 'आई व मुलगा यांच्या वयात अकरा वर्षांचे अंतर दिसते. नात्याचा खुलासा करावा.'

हरीची जन्मतारीख एक जून. आमच्या निम्म्या कंपनीची एक जूनच आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना तीच दिली. सोनाबाय शाळेत गेलीच नाही. तिची तारीख आधार कार्ड काढणाऱ्याने तिच्या तोंडाकडे बघून टाकली. त्याला ती तरुण वाटली, यात तिचा काय दोष?

मी हे सगळं सविस्तर लिहून कळवलं. उत्तर आलं, 'पुरावा जोडावा.'

रविवारी त्यांच्या घरी गेले. सोनाबाय ओटीवर पाय पसरून बसली होती. मी पत्र वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"सुईण आजून जिती हाय गो बाय," ती म्हणाली. "तिला ईचारा म्हणावं, यो माजा का शेजारनीचा."

मी खरोखर सुईणीच्या अंगठ्याचं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. कसं कोण जाणे, पण ते मान्य झालं! फक्त त्यात पावसाळा उजाडला.

* * *

जुलैत अंबा नदी नागोठण्याच्या बाजारपेठेत शिरली. आमचे शिफ्ट इन्चार्ज देशमुख तिथेच राहतात. नेमकं त्याच सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. चार शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, खुर्ची डोक्याच्या उंचीवर उचलून धरली आणि कमरेएवढ्या पाण्यातून गल्लीतल्याच एका डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर पोचवलं. देशमुख वाचले.

विमा कंपनीने विचारलं, 'आमच्या यादीतील हॉस्पिटलमध्ये दाखल का झाला नाहीत?'

यादीतलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल पनवेलला. मी लिहिलं, रस्ता पाण्याखाली होता. त्यावर उत्तर, 'पुराचा पुरावा जोडावा.'

अहो, सगळं गाव पाण्यात होतं, आणि यांना पुरावा हवा! तरी गेले तलाठ्याकडे. ते बिचारे ओल्या कागदांच्या ढिगात बसले होते.

"दाखला आत्ता देतो मॅडम," ते म्हणाले, "पण शिक्का पुरात गेलाय."

* * *

त्याच आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर विमा कंपनीचा आरोग्यविषयक सल्ला आला. 'लिफ्ट टाळा, जिना वापरा.'

हरी एका शिफ्टमध्ये लोखंडी शिडीने इतक्या वेळा वर-खाली करतो, की त्याने मोजणं सोडून दिलंय. तो मेसेज त्याने दोनदा वाचला.

"मॅडम, आपल्या प्लँटात लिफ्ट कुठं हाय ते त्यांना ईचारा. लगेच टाळतो."

* * *

आमच्याकडे गणपतीत कोणी आजारी पडत नाही. पडला तरी कबूल करत नाही. ऑपरेशन असेल तर ते 'गणपती झाल्यावर.' हे पॉलिसी लिहिणाऱ्यांना कोणी सांगितलेलं नाही.

कॅन्टीनमधल्या सावंतांच्या बायकोला डेंगू झाला. दोन सलाइन लागल्या, ताप उतरला. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. सकाळी बाई उठल्या, डॉक्टरांच्या मागे लागून डिस्चार्ज घेतला आणि घरी येऊन थेट पदर खोचला.

क्लेम नामंजूर. हॉस्पिटलात चोवीस तास राहायला हवं होतं, या बाई बावीस तासांत निघाल्या. डेंगू खरा, सलाइन खरी, रिपोर्ट खरे, पण दोन तास कमी.

मी तणतणत त्यांच्याकडे गेले. म्हटलं, दोनच तास थांबायचं होतंत ना.

"मी थांबले असते हो," त्या म्हणाल्या. "गौर थांबली असती का?"

तेव्हापासून मी बसमध्ये उभी राहून सांगते, दाखल झालात की घड्याळ बघा, आणि चोवीस तास व्हायच्या आत बरं वाटलं तर कोणाला बोलू नका. ही शिकवण द्यायची माझ्यावर वेळ यावी, याची मला लाज वाटते. पण देते.

* * *

दिवाळीनंतर पनवेलला सोनाबायचा पहिला गुडघा झाला. विनासायास झाला, खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांत ती काठी घेऊन अंगणात चालायला लागली.

"नवा पाय पुढं पलतोय न जुना मागं वढतोय," ती मला म्हणाली. "दोगांचं पटत नाय."

डॉक्टरांनी दुसऱ्या गुडघ्याला मार्च महिना दिला. आणि फेब्रुवारीत कॅन्टीनमध्ये सभा झाली. विमा कंपनीचे एक साहेब मुंबईहून लॅपटॉप घेऊन आले होते. भिंतीवर रंगीत चित्रं दाखवत त्यांनी सांगितलं, की एक एप्रिलपासून पॉलिसीत आईवडील नसतील, कारण आईवडिलांचे क्लेम फार येतात.

मी उठले. विचारलं, "मग कोणाचे यायला हवे होते?"

"प्रश्न शेवटी घेऊ," साहेब म्हणाले. शेवटी चहा-बिस्किटं आली आणि साहेब मुंबईच्या गाडीत बसले. आमचे मॅनेजर खाली मान घालून बिस्किट बुडवत होते. सगळं वर्ष मी लोकांना सांगत फिरले होते, की तुमच्या हक्काचं आहे, वापरा. आणि वापरलं म्हणून काढून घेतलं. असा संताप आला, की त्या दिवशी बसमध्ये मी एकही फाइल मांडीवर ठेवू दिली नाही.

आता एकतीस मार्चच्या आत दुसरा गुडघा व्हायलाच हवा होता. त्याच संध्याकाळी मंजुरीसाठी कागद पाठवले. उत्तर आलं, 'पहिल्या शस्त्रक्रियेची प्रत्यक्ष पडताळणी करण्यात येईल.'

* * *

पडताळणीचे साहेब न कळवता आले. चकचकीत बूट, हातात फाइल. हरी ड्यूटीवर होता. घराला कडी. शेजाऱ्यांनी सांगितलं, म्हातारी मिठागरात गेली.

साहेबांना वाटलं, चोर सापडला. गुडघ्याची पेशंट आणि मिठागरात! ते बांधावरून तरातरा निघाले.

सोनाबाय काम करत नव्हती. सुनेला भाकरी द्यायला रिक्षाने गेली होती आणि बांधाच्या टोकाला पाय पसरून बसली होती. सून पार पलीकडच्या कोंड्यात, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, मीठ ओढत होती. साहेबांनी लांबूनच मोबाइल काढला, फोटो घ्यायला एक पाऊल बाजूला टाकलं, आणि खाडीच्या बाजूच्या चिखलात मांडीपर्यंत गेले. पाय मुरगळला तो वेगळाच.

ओरडा ऐकून सोनाबाय उठली. तिने काठी पुढे करून त्यांना वर ओढलं. त्यांना एक पाय टेकवता येईना. मग त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन, नवा पाय पुढे, जुना मागे, अशी ती त्यांना बांधावरून रस्त्यापर्यंत घेऊन आली. घरी नेलं, पाय धुतले, आंबेहळदीचा लेप लावला, चहा पाजला.

"आजी, तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं," असं साहेब म्हणाले. हे शेजाऱ्यांनीही ऐकलं.

रिपोर्ट माझ्याकडे मार्चच्या मध्यावर आला. मी तो बसमध्येच उघडला. बस खिंड चढत होती, हरी शेजारी होता. मी मोठ्याने वाचला.

'पहिली शस्त्रक्रिया झाल्याची खात्री झाली. रुग्ण खाचखळग्यांच्या बांधावरून दुसऱ्या प्रौढ व्यक्तीचा भार घेऊन चालू शकते, हे पडताळणी अधिकाऱ्याने प्रत्यक्ष अनुभवले आहे. सबब दुसऱ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची निकड दिसत नाही.'

देशमुखांनी माझ्या हातातून कागद घेऊन पुन्हा एकदा वाचला. हरीने आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि एवढंच म्हणाला, "आये, नाय बोलले ते." मग मी तिला सगळा रिपोर्ट सोपा करून सांगितला.



"बाय," सोनाबाय म्हणाली, "त्याला माजा निरोप दे. म्हणावं, पुन्ना एकदा ये चौकशीला. या टायमाला मी बसूनच ऱ्हाईन."