शेंदरावरची बोटं

घर रंगाऱ्याच्या हवाली करून मी पुण्याहून नागपूरला निघालो. देवघर करायचं ते सागवानाचं, आणि सागवान आणायचं ते लकडगंजातलं, हा माझ्या बायकोचा हट्ट. उन्हाळ्यात ती गेली. हट्ट तेवढा मागे राहिला.

लकडगंज म्हणजे आरामशिनींची करकर, भुशाचा वास आणि ओंडके उतरवणारे ट्रक. वखारीचा पत्ता शोधत एका गल्लीत वळलो आणि थबकलोच. गंजक्या पत्र्यांच्या मधोमध गुलाबी दगडाचं मंदिर उभं राहत होतं. खांबाखांबावर हत्ती, मोर, वेलबुट्ट्या. राजस्थानी कारागीर परांचीवर बसून दगड कोरत होते. त्यांच्या भुवयासुद्धा धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. सुंदर काही दिसलं की हल्ली मला आधी रागच येतो. दाखवायला शेजारी कुणी नसतं.

समोरच्या ठेल्यावर तर्रीपोहे (तिखटजाळ, तेलाळ रस्सा घातलेले पोहे) मागवले. पहिल्याच घासाला जोरदार ठसका लागला. ठेलेवाल्या सिंधूबाईंनी पाणी पुढे केलं.

"बाहेरगावचे दिसता भाऊ. तर्री कमी घ्याची ना!"

"मंदिर कुणाचं हो?" मी डोळे पुसत विचारलं.

"मारुतीचं. पहिले निंबाखाली उघड्यावरच होता. आमचे घरचे (नवरा) इथं हमाली करत. दर शनिवारी तेच शेंदूर लावत. ते वारले, अन् मंग इथं बांधकामाचे पत्रे ठोकले. तवापासून कोनीच लावला नाही." त्यांनी गॅस बंद केला. "आज देवाले आत नेऊन राहिले."

मीही त्यांच्यामागून गेलो. दोर लावून मूर्ती उचलली, तोच शेंदराची जाड खोळ तडकली आणि गळून पडली. आतून काळाभोर, गुळगुळीत मारुती निघाला. जयजयकार करत सगळे त्याच्यामागे मंदिरात शिरले. निंबाखाली खोळ राहिली, आणि ती नदीत सोडण्यासाठी कापडात बांधणारे पुजारी.

"महाराज, मले एक डाव हात लावू द्या," सिंधूबाई म्हणाल्या.

"बाईमाणूस मारुतीले हात लावते का वं?"

"मारुती तर आत गेला. हा शेंदूर आमच्या घरच्यायचा हाये."

पुजारी बाजूला झाले. खोळीच्या वरच्या थरावर चार बोटं ओढल्याच्या खुणा होत्या, शेवटच्या शनिवारच्या. जन्मभर ज्याला लांबूनच हात जोडले, त्याच्या शेंदरावर बाईंनी आपली बोटं टेकवली. खुणा रुंद होत्या, बोटं बारीक. मी पुन्हा डोळे पुसले. तर्रीवर ढकलायची सोयही उरली नव्हती.

"एक तुकडा ठेवू का घरी?"

पुजाऱ्यांनी नाही म्हणून मान हलवली. बाईंनी वाद घातला नाही. कापडाची गाठ त्यांनी स्वतःच मारली.

"कन्हान नदीलेच सोडजा, महाराज. नाल्यात नका टाकू."

लाकूड ठरवून मी संध्याकाळची गाडी पकडली. आमच्या स्वयंपाकघरात दिव्याच्या बटणाशेजारी तेलकट बोटं उमटली आहेत. कणकेच्या हातानं बायको बटण दाबायची आणि मी कटकट करायचो. गाडी वर्धा सोडत असताना रंगाऱ्याला फोन लावला.

"ती बटणाजवळची भिंत रंगवू नकोस."

"डाग दिसेल, साहेब."

"दिसू दे," मी म्हणालो.